आडवा धरलेला फोन

सासरेबुवांनी फोन हातभर लांब धरला, मान मागे नेली, भुवया वर चढवल्या आणि "छान आहे" असं म्हटलं, तेव्हा जावई काय ते समजला. सहा वर्षांच्या संसारात त्याला एवढं पक्कं कळलं होतं, की सासरेबुवांचं "छान आहे" दोन प्रकारचं असतं. एक खरं. ते त्यानं आजवर एकदाच ऐकलं होतं, आणि तेसुद्धा चष्म्याच्या एका फ्रेमबद्दल. दुसरं हे आत्ताचं, जे सासरेबुवा अळणी भाजीला आणि नावडत्या पाहुण्याला सारख्याच आवाजात म्हणत.

बाकी सगळ्यांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर जावयानं बनवलेली सासरेबुवांच्या दुकानाची वेबसाइट झळकली होती. सासूबाईंनी ती आपल्या टॅबवर बघितली, बायकोनं फोनवर बघितली, मेहुण्यानं आपल्या त्या पुस्तकासारख्या उघडणाऱ्या महागड्या फोनवर बघितली, आणि तिघांनीही तोंड भरून कौतुक केलं. सासरेबुवांनी मात्र फोन टेबलावर पालथा घातला आणि चहाचं काय झालं म्हणून विचारलं.

आता या जावयाबद्दल थोडं सांगायला हवं. तो वेबसाइटी बनवायचा. अकरा माणसांच्या कचेरीत त्याला सगळे 'केसभर' म्हणत, कारण दिवसातून वीस वेळा तो स्क्रीनला नाक लावून "हे केसभर डावीकडे घ्यायला हवं" असं म्हणे, आणि ते केसभर बाकी दहा जणांपैकी कुणालाच दिसत नसे. त्याची खासियत म्हणजे एकच पान सगळ्या स्क्रीनवर नीट बसवणं. एकच चादर पाळण्यालाही बसली पाहिजे आणि मोठ्या पलंगालाही, आणि कुठे चुणी पडता कामा नये, असलं ते काम. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की नाकी नऊ येतात. जगात जितके फोन तितक्या त्यांच्या लांब्या-रुंद्या, आणि वर प्रत्येकाचा मालक वेगळ्या खोडीचा. हा गडी ते काम निगुतीनं करायचा, आणि ते नीट झालंय हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. नीट झालेलं कुणाला दिसत नाही, हेच तर त्या कामाचं दुखणं.

सासरेबुवांना त्याचं काम कधी उमगलंच नव्हतं. ओळख करून देताना ते म्हणत, "हे आमचे जावई. कंप्युटरमध्ये असतात." जणू काही तो रोज सकाळी त्यात शिरून आतून कडी लावून घेतो. स्वतः सासरेबुवा चष्म्याचे दुकानदार, आणि काय दुकानदार. चाळीस वर्षं एकाच कोपऱ्यावर. फ्रेम हातात घेऊन त्यावरून नुसता अंगठा फिरवला की कुठली दांडी वाकलीय ते सांगत. गिऱ्हाइकाचं नाव विसरतील, पण नाकाची उंची विसरणार नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, गरज नसलेल्या माणसाला त्यांनी कधी चष्मा विकला नाही. कित्येकांना त्यांनी "तुम्हाला काही झालेलं नाही, झोप नीट घ्या" असं सांगून हात हलवत परत पाठवलं होतं. कुणी शंका घेतलीच तर ते स्वतःच्या उघड्या चेहऱ्याकडे बोट दाखवत. "हे बघा, चष्म्याच्या दुकानात माझा जन्म गेला, पण मला गरज नाही तर मी घातला नाही. उगाच कुणाच्या गळ्यात मारायचा असता तर आधी स्वतःच्या मारला असता."

अशा माणसानं आपण होऊन जावयाकडे काम मागितलं होतं. दुकानाची इमारत दुरुस्तीला निघाली होती, आणि दुकान दोन गल्ल्या पलीकडे, चपलांच्या दुकानामागच्या जिन्यानं वर, पहिल्या मजल्यावर हलवावं लागणार होतं. रस्त्यावरून ते दिसणारसुद्धा नव्हतं. जुन्या जागेचं शटर बंद बघून लोक काय समजतील, या विचारानं सासरेबुवांची झोप उडाली होती. "लोक म्हणतील, म्हातारा संपला. आणि जातील दुसरीकडे," असं ते एकदा जेवताना बोलून गेले, आणि मग घास तसाच हातात धरून बसले. तेव्हा जावयानं शब्द दिला की नव्या जागेचा पत्ता, नकाशा आणि डोळे तपासायची वेळ ठरवायचं बटण, सगळं एका पानावर देतो, आणि जुन्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर ते पोचवतो. सहा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यानं त्याच्यावर काही टाकलं होतं. ते पडलं असतं, तर पुढची सोळा वर्षं तो कंप्युटरमध्येच राहिला असता.

आणि आता हे "छान आहे".

चहा आणायचं निमित्त करून सासरेबुवा उठले, तेव्हा जावयानं त्यांचा फोन हळूच उलटा केला. बघतो तर अक्षरं लिंबाएवढी. दुकानाचं नाव एकटंच सगळी स्क्रीन अडवून बसलेलं, त्यातही शेवटचं अक्षर तुटून खाली पडलेलं. मोठ्या हौसेनं टाकलेल्या सासरेबुवांच्या फोटोतला फक्त एक कान आणि मागचं कपाट दिसत होतं. आणि बटण? बटण कडेच्या बाहेर कुठेतरी गेलं होतं, त्याचा मागमूसही नव्हता.

सासरेबुवा परत आल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुमच्या फोनमधली अक्षरं जरा..."

टेबलाखाली बायकोनं त्याच्या पायावर पाय दिला. नुसता ठेवला नाही, दिला.

स्वयंपाकघरात नेऊन तिनं त्याला फैलावर घेतलं. फोनची अक्षरं मोठी आहेत म्हणजे काय, ते कळतंय का तुला? म्हणजे बाबांना जवळचं दिसत नाही. म्हणजे त्यांना चष्मा लागलाय. हे या घरात कुणी बोलत नाही. सासूबाई ओट्याशी कप विसळत होत्या, त्या मागे न वळता म्हणाल्या, "बारा वर्षं झाली. दुकानात बारीक नंबर मीच वाचून दाखवते. ते म्हणतात, आज उजेड कमी आहे. बारा वर्षं उजेड कमीच आहे."

"मग आई, तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं होतं एकदा. आठ दिवस बोलले नाहीत. मला काही वाटलं नाही, पण दुकानात नंबर कुणी वाचायचे?"

तेव्हा ठरलं ते असं, की सासरेबुवांना काही म्हणजे काही बोलायचं नाही. पानच असं करायचं, की ते लिंबाएवढ्या अक्षरांवरही नीट बसेल. माणूस बदलत नसेल तर पान बदलायचं. नाहीतरी जावयाचा धंदा तोच होता.

सोमवारी तो कचेरीत जाऊन कामाला लागला. मोठ्या अक्षरांसाठी नाव लहान केलं, तर टीव्हीवर ते मुंगीएवढं झालं. टीव्हीसाठी ते मोठं केलं, तर सासूबाईंच्या टॅबवर फोटो असा ताणला गेला की सासरेबुवा भोपळ्यासारखे दिसायला लागले. टॅब सुधारला, तर मेहुण्याच्या पुस्तकी फोनवर घडीच्या बरोबर मध्ये सासरेबुवांचं नाक आलं, आणि फोन मिटला की ते दुमडायचं. मेहुण्यानं त्याचा व्हिडिओ काढून पाठवला. एक बरं करावं तर दुसरं कण्हायला लागावं, असं दीड दिवस चाललं. पण गडी हटला नाही. कचेरीत तपासणी करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या खणात जुनेपाने नऊ फोन होते. त्यानं ते नऊच्या नऊ टेबलावर ओळीनं मांडले आणि रुग्णालयातल्या फेरीवरच्या डॉक्टरासारखा एकेकापाशी थांबत हिंडत राहिला. बाईंनी जाताजाता विचारलं, एवढं कुणासाठी चाललंय, मंत्री आहे की काय? तो म्हणाला, "त्याच्या वरचे. सासरे आहेत."

नऊ फोन झाले, तरी खरा फोन एकच होता, आणि तो सासरेबुवांच्या सदऱ्याच्या खिशात असे. तो ते कुणाच्या हातात देत नसत. का देत नसत, ते आता सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी मंगळवारी दुपारी सासरेबुवा जेवून पडले तेव्हा सासूबाईंनी घडी घातलेल्या वर्तमानपत्रात लपवून तो बाहेर आणला आणि जावयापुढे ठेवला. म्हणाल्या, "वीस मिनिटं. घोरणं थांबलं की द्यायचा."

आतून घोरणं ऐकू येत होतं, आणि त्या तालावर जावई काम करत होता. नाव बसलं. फोटोत दोन्ही कान आले. राहिलं बटण. म्हाताऱ्या माणसांची बोटं थरथरतात, नेम चुकतो, हे त्याच्या लक्षात होतं. म्हणून त्यानं बटण पडद्याच्या तळाशी कायमचं बसवलं आणि त्याच्याभोवती न दिसणारी मोकळी जागा सोडली. बोट बटणाच्या आजूबाजूला पडलं तरी बटण दाबलं गेल्यासारखंच व्हावं. अक्षरं जितकी मोठी, तितकी ती जागा मोठी. त्यानं उभ्या फोनवर करून बघितलं, झकास चाललं. स्वतःवरच खूश होऊन तो अजून एकदा बघणार, तोच आतलं घोरणं थांबलं. सासूबाईंनी घार झडप घालते तसा फोन उचलला आणि वर्तमानपत्रासकट आत गेल्या.

आणखी एक सोय त्यानं केली होती. सासरेबुवांनी बजावलं होतं, की माझ्या गिऱ्हाइकांना फॉर्म भरायला लावू नका, त्यांना दिसत असतं तर ती माझ्याकडे आली असती का? म्हणून सासूबाईंनी जुन्या वहीतली चारशे बारा नावं आणि नंबर टॅबवर उतरवून दिले, आणि प्रत्येकाला त्याच्या-त्याच्या नावाचा संदेश जाणार होता. उघडा, पत्ता वाचा, यायचं असेल तर बटणाला एकदा बोट लावा. नाव आपोआप यादीत, आणि उलट उत्तर: "तुमची वेळ ठरली आहे. शनिवार, सकाळी दहा." सगळ्यांना दहाचीच वेळ, कारण सासरेबुवांच्या हिशेबानं पहिल्या दिवशी फार तर सहा जण येणार होते.

"मलाही पाठवा," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला काय दिसतं, ते मलाही दिसलं पाहिजे." म्हणून यादीत त्यांचंही नाव घातलं.

बुधवारी अकरा वाजता संदेश गेले. यादी सासूबाईंच्या टॅबवर उतरत होती, जावयाला फक्त आकडा दिसायचा. संध्याकाळपर्यंत एकोणीस. गुरुवारी एक्केचाळीस. जावयाला आभाळ ठेंगणं झालं. बायकोनं ऑफिसातून फोन करून त्याला लाडानं काहीतरी म्हटलं, जे इथे सांगण्यासारखं नाही. सासरेबुवांनी आकडा ऐकून दोनदा विचारला, आणि मग म्हणाले की नव्या जागेत चार खुर्च्या आणखी टाकाव्या लागतील. त्यांच्या आवाजात गेले दोन महिने नसलेलं काहीतरी होतं. ते ऐकून जावयाचं मन भरून आलं.

शुक्रवारी दुपारी आकडा अडुसष्टवर गेला आणि दुकानाच्या नंबरावर एका निवृत्त पोस्टमनचा फोन आला. सामान हलवायच्या गडबडीत तो नंबर जावयाच्या फोनवर वळवलेला होता, म्हणून कचेरीत बसून तो जावयानंच घेतला. पोस्टमनकाकांची तक्रार नव्हती, चौकशी होती. म्हणाले, "मी नुसता पत्त्यावर बोट ठेवून वाचत होतो हो. जन्मभराची सवय, पत्ता वाचायचा तर बोट ठेवून. तर त्यानं माझी वेळच ठरवून टाकली. साहेबांनी शनिवारची वेळ दिलीय म्हणे. माझ्या डोळ्यांत काही गडबड आहे का? तसं असेल तर स्पष्ट सांगा."

जावयानं विचारलं, "काका, फोन कसा धरला होता तुम्ही?"

"आडवा. आडवा धरला की जरा मोठं दिसतं ना."

जावयानं तपासणीवाल्या बाईंच्या खणातून एक फोन काढला, अक्षरं मोठी केली आणि तो आडवा धरला. आडव्या फोनला उंची ती किती? तळाशी बटण, आणि त्याच्याभोवती ती न दिसणारी, अक्षरांबरोबर फुगणारी मोकळी जागा. ती वरपर्यंत चढून सगळा पडदा व्यापून बसली होती. त्यानं पत्त्याला बोट लावलं, तर "तुमची वेळ ठरली आहे." फोटोला लावलं, तर तेच. अगदी कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेला लावलं, तरी तेच. नऊ फोन तपासले, टीव्ही तपासला, दुमडणारं नाक तपासलं, आणि फोन आडवा धरायचा तेवढा राहिला.

पान त्यानं दहा मिनिटांत दुरुस्त केलं. पण माणसांचं काय करणार? अडुसष्टातल्या किती जणांना खरंच यायचं होतं आणि किती जण पत्ता वाचताना अडकले, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांना कळवावं, की चूक झाली, येऊ नका? मग येणारेही यायचे नाहीत, आणि पहिल्याच दिवशी दुकान रिकामं. न कळवावं, तर लोक जिना चढून येतील आणि सासरेबुवांच्या तोंडावर सांगतील की आम्ही तुमच्याकडे यायला सांगितलंच नव्हतं. ज्या माणसानं जन्मात कुणाच्या गळ्यात काही मारलं नाही, त्याच्याच नावानं अडुसष्ट जणांच्या गळ्यात वेळ मारली गेली होती. बायको म्हणाली, आता दडवू नकोस, सकाळी जाऊन सांगून टाक. त्यालाही ते पटलं. चूक लपवण्यातला तो नव्हताच. त्याचा स्वभावच असा, की केसभर चूकही त्याला झोपू द्यायची नाही, आणि ही तर चांगली हातभर होती.

शनिवारी सकाळी साडेनऊला तो चपलांच्या दुकानामागे पोचला, तर जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक पायरीवर एक माणूस. पोस्टमनकाका इस्त्री केलेल्या सदऱ्यात दुसऱ्या पायरीवर. त्यांच्या वर गाणं शिकवणाऱ्या बाई, त्यांच्या वर एक सुतार, कानाला अजून पेन्सिल. "जरा जाऊ द्या, जरा जाऊ द्या," करत चढताना जावयाच्या कानावर जे पडत होतं ते सगळं एकाच वळणाचं होतं. मी काही ठरवलं नव्हतं बुवा, पण साहेबांनी स्वतः वेळ दिली म्हटल्यावर काहीतरी असणार. साहेब उगाच बोलवायचे नाहीत. माझ्या भावाला त्यांनीच दोनदा परत पाठवलं होतं. चाळीस वर्षांची त्या माणसाची पुण्याई जिन्याच्या पायऱ्या-पायऱ्यांवर उभी होती, आणि ती बघून जावयाला एकीकडे अभिमान वाटला आणि दुसरीकडे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर सासरेबुवा नव्या टेबलामागे उभे होते. चेहरा फुललेला. जावयानं त्यांना कपाटाच्या आडोशाला नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. मोठी अक्षरं, आडवा फोन, न दिसणारी जागा. "बाबा, चूक सगळी माझी आहे. यातल्या निम्म्या लोकांना यायचंच नव्हतं. मी बाहेर जाऊन सगळ्यांची माफी मागतो. तुम्ही फक्त आत थांबा."

सासरेबुवांनी मान वळवली. ते जिन्याकडे बघत राहिले. दारातून दिसणारा प्रत्येक माणूस नव्या जागेची पाटी वाचायला मान मागे नेत होता.

"म्हणजे ज्याची अक्षरं मोठी," ते सावकाश म्हणाले, "आणि जो फोन आडवा धरतो, त्याचंच नाव यादीत आलं?"

"हो."

"आणि ज्याला धड दिसतं, त्याचं?"

"नाही आलं. त्यानं बटण दाबल्याशिवाय येत नव्हतं."

सासरेबुवांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"अहो जावईबापू, चाळीस वर्षं मला जे जमलं नाही ते तुम्ही एका बटणानं केलंत. लोक कबूलच होत नाहीत हो. आधी हात लांब करतात, मग मान मागे नेतात. मग म्हणतात उजेड कमी आहे. अक्षरं मोठी करतात, फोन आडवा करतात, सगळं करतात, पण माझ्याकडे येत नाहीत. आणि तुम्ही अशीच माणसं नेमकी वेचून जिन्यावर उभी केलीत. यातला एकही चुकून आलेला नाही. कसली माफी मागताय? हाक मारा पहिल्याला."

यादी सासूबाईंच्या हातात होती. त्या टेबलापाशी उभं राहून हे सगळं ऐकत होत्या, आणि कितीतरी वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की विचारू नका. त्यांनी टॅब वर उचलला, आणि जिन्यावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिलं नाव वाचलं. संपूर्ण नाव. आडनावासकट.

नाव सासरेबुवांचं होतं.

"बुधवार, अकरा वाजून चार मिनिटं," सासूबाईंनी पुढचंही वाचलं. "सगळ्यात आधी."

जिन्यावरची डोकी दाराकडे वळली. सासरेबुवा म्हणाले, "ते मी नुसतं तपासून बघत होतो."

"फोन आडवा धरून?"

सासरेबुवांनी जावयाकडे बघितलं. जावई कपाटाकडे बघत होता. मग पोस्टमनकाका पायरीवरून नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमचं आधी होऊन जाऊ द्या. आम्ही थांबतो. घाई नाही."

झालं. इलाजच नव्हता. सासरेबुवा जाऊन त्या उंच खुर्चीत बसले, जिच्यासमोर ते चाळीस वर्षं उभे राहिले होते. सासूबाईंनी तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली. चाळीस वर्षं शेजारी उभं राहून त्या बाईला सगळं येत होतं, फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं. वाचायला काय द्यावं म्हणून इकडेतिकडे बघून त्यांनी जावयाचा फोन मागून घेतला. त्यावर दुकानाचंच पान उघडलेलं होतं. साध्या, सगळ्यांच्या असतात तेवढ्या अक्षरांत.

सासरेबुवांनी सवयीनं हात लांब केला. सासूबाईंनी त्यांचं कोपर धरून जवळ आणलं. "हात इथे. हे तुम्हीच सगळ्यांना सांगता." मग एक भिंग घातलं, काढलं. दुसरं घातलं, काढलं. तिसरं घातलं, आणि सासरेबुवांच्या चढलेल्या भुवया खाली आल्या.

ते वाचायला लागले. अंगठ्यानं पान हळूहळू वर सरकवत होते. मग त्यांनी फोन आडवा केला. फोटो डावीकडे गेला, मजकूर उजवीकडे आला, बटण आपल्या जागी नीट बसलं. उभा केला. फोटो वर, मजकूर खाली. त्यांनी पुन्हा आडवा केला, पुन्हा उभा केला.

"हे आपोआप होतं?"

"करावं लागतं, बाबा. प्रत्येक फोन वेगळा असतो."

"म्हणजे आमच्यासारखंच." फ्रेममागून त्यांचे डोळे मोठे दिसत होते. "प्रत्येक नाक वेगळं. आणि दोन कान कधी एका उंचीवर नसतात. फ्रेम बसवावी लागते. बसली की माणूस विसरतो, आपण काही घातलंय म्हणून." सहा वर्षं तो लोकांना जे समजावून सांगत होता, ते सासरेबुवांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं.

सासरेबुवांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि पत्त्याखालच्या बारीक रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ केसभर डावीकडे आहे."

जावई वाकला. स्क्रीनला नाक लावलं. खरंच होती. कचेरीतल्या दहा जणांना दिसली नव्हती, तपासणीवाल्या बाईंना दिसली नव्हती, त्याला स्वतःला दिसली नव्हती. त्यानं तिथेच खुर्चीच्या दांडीला टेकून पिशवीतला लॅपटॉप काढला, रेघ केसभर उजवीकडे घेतली आणि पान पुन्हा उघडायला सांगितलं. जिन्यावरची सदुसष्ट माणसं शांतपणे थांबली होती.

सासरेबुवांनी पान बघितलं. वरून खालपर्यंत, सावकाश.

"छान आहे," ते म्हणाले. हे पहिल्या प्रकारातलं होतं. सासूबाईंनीसुद्धा चमकून वर बघितलं.

मग ते खुर्चीतून उतरले, भिंतीवरच्या फ्रेमींमधून एक साधी काळी फ्रेम उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि सासूबाईंच्या हातात दिली. "यात हाच नंबर बसवा," म्हणाले. फोन जावयाला परत देताना त्यांनी त्यातल्या स्वतःच्या फोटोवर शेवटची एक नजर टाकली.

"फोटो तेवढा नवीन काढावा लागेल, जावईबापू. यात मी चष्मा लावलेला नाही." आणि पोस्टमनकाकांना आत यायची खूण केली.